याग लेझरला जाण्याआधी: डोळ्याच्या दाबाची तयारी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, पुन्हा धूसर दिसू लागतं आणि डॉक्टर ‘याग लेझर करू’ म्हणतात. तेव्हा बहुतेक जण विचारतात, दुखेल का? सहसा दुखत नाही, बसल्या जागी काही मिनिटांत उरकतं. विचारायला हवं ते वेगळंच: नंतर दाब कधी तपासणार? भिंगामागचा गढूळ पडदा लेझरने उघडला की त्याचे बारीक कण डोळ्यातल्या पाण्यात सुटतात आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या जाळीत अडकतात. निचरा तुंबला की दाब चढतो, आणि चढलाच तर बहुधा पहिल्या काही तासांत.

म्हणून तारीख घेतानाच अर्धा दिवस मोकळा ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यामुळे स्वतः गाडी चालवायची नाही. सोबत कुणीतरी हवं, गॉगलही हवा.

फाइलमध्ये ऑपरेशनचे कागद आणि आधीच्या तपासण्यांतले दाबाचे आकडे असू द्या. 10 ते 21 मिलिमीटर पारा हा दाब साधारण धरला जातो; पण तुमचा नेहमीचा 12 असेल तर 20 दिसल्यावर डॉक्टरांना तो वाढलेला आहे हे कळायला हवं. काचबिंदू असेल तर ते आधी सांगा, कारण डोळ्याच्या आधीच अशक्त झालेल्या नसेला थोड्या वेळची वाढही महागात पडू शकते. काचबिंदूचे रोजचे थेंब त्या दिवशीही चालू ठेवायचे. ‘आज लेझर आहे, मग आज नको’ हा नियम आपला आपणच काढलेला असतो.

आता औषधांचं, इथे संकोच नको. दमा किंवा नाडी मंद असण्याचा त्रास असेल तर टिमोलॉल हा दाब उतरवणारा थेंब चालत नाही. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर दाब उतरवणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते माहीत हवं. पूर्वी स्टेरॉइडच्या थेंबांनी दाब वाढला होता का, तेही सांगा. चालू औषधांची नावं कागदावरच न्या, ऐन वेळी आठवत नाहीत. दाब चढू नये म्हणून लेझरच्या आधी किंवा लगेच नंतर ब्रिमोनिडीनसारखा थेंब घालतात. तो घातला का, हे विचारायला लाजू नका.

लेझर झालं की उठून चालू पडायचं नाही. दाब पुन्हा कधी मोजायचा ते डॉक्टर ठरवतील. एक ते चार तासांत मोजायचा म्हणाले तर तिथेच थांबा. काही दुखत नाही म्हणजे दाब ठीक आहे, असं नसतं.

घरी थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने हलका दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. स्टेरॉइडचे थेंब सांगितले तेवढेच दिवस. बाटली उरली म्हणून पुढे चालू ठेवायचे नाहीत, त्यानेही दाब वाढतो.

डोळ्यांपुढे थोडे ठिपके तरंगले तर घाबरू नका, ते हळूहळू कमी होतात. पण डोळा ठणकला, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसली, उलटी झाली, अचानक विजेसारखे लख्ख प्रकाश चमकले, ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा कडेने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर दवाखान्यातून निघण्यापूर्वीच लिहून घ्या, सोबतच्या माणसाकडेही द्या.