जुना फोरट्रान कोड दुसऱ्या कंपायलरवर कसा आणायचा

पुण्यात पाषाण रोडला किंवा विद्यापीठाच्या आवारात कुठल्याही लॅबमध्ये डोकावलात तर असा एक तरी फोरट्रानमधला (शास्त्रीय आकडेमोडीची जुनी भाषा) कोड सापडतोच जो वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलाय, इंटेलच्या आयफोर्ट या कंपायलरवरच (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चालतो आणि ज्याच्या मेकफाईलला (कोड कसा बिल्ड करायचा ते लिहिलेली फाईल) हात लावायला सगळे घाबरतात. पण इंटेलने २०२५ च्या वनएपीआयपासून (इंटेलचा कंपायलर आणि लायब्ररींचा संच) आयफोर्ट काढूनच टाकलाय. त्याच्या जागी आलेला आयएफएक्स एलएलव्हीएम या वेगळ्याच कंपायलर-पायावर बांधलेला आहे, म्हणजे तसं बघायला गेलं तर तोही नवीनच कंपायलर. शिवाय नव्याने आलेल्या मुलांच्या लॅपटॉपवर जीसीसी या फुकट कंपायलर-संचातला जीफोरट्रान असतो, जीपीयूच्या मशीनवर एनव्हिडियाचा एनव्हीफोरट्रान. कोड एकाच कंपायलरला बांधून ठेवला की त्याच्यावर काम करू शकणारी माणसंच कमी होतात, आणि मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

सुरुवात फ्लॅगपासून (कंपायलरला द्यायच्या सूचना) करू नका. जुना कंपायलर मशीनवर आहे तोवर दोन-तीन मिनिटांत संपेल अशी एक छोटी केस घ्या आणि ती दोनदा चालवा, एकदा ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायला कंपायलर करतो ते बदल) पूर्ण बंद करून आणि एकदा तुमच्या नेहमीच्या फ्लॅगनी. दोन्ही आउटपुट जपून ठेवा, सोबत कंपायलरचं व्हर्जन लिहा. या दोन आउटपुटमध्ये जो फरक पडतो तीच पुढे तुमची फूटपट्टी. एकाच कंपायलरमध्ये दहाव्या अंकाला फरक येत असेल तर नवीन कंपायलरकडून पंधराव्या अंकापर्यंत जुळण्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

मग मेकफाईलमध्ये विखुरलेले फ्लॅग एका जागी आणा, प्रत्येक कंपायलरची एक छोटी फाईल केलीत तरी पुरे, सीमेक (मेकफाईल बनवून देणारं टूल) वापरत असाल तर तो कंपायलरची ओळख स्वतःच सांगतो. फ्लॅगचं नुसतं नाव बदलून भागत नाही हे मात्र लक्षात ठेवा. आयफोर्टचा 'आर८' साध्या रिअलला (दशांशी आकडा) ८ बाइटचं करतो, जीफोरट्रानचा 'डिफॉल्ट-रिअल-८' तेच करतो पण वर डबल प्रिसिजनला (जास्त अंकांचा रिअल) १६ बाइटवर नेतो, आणि मग कोड इतका रेंगाळतो की लोक म्हणतात जीफोरट्रान स्लो आहे. सोबत 'डिफॉल्ट-डबल-८' दिलं की तो प्रश्न सुटतो.

लायब्ररी परत बिल्ड कराव्या लागतात, याला पळवाट नाही. फोरट्रानची मॉड फाईल (मॉड्यूलची माहिती कंपायलर जिच्यात ठेवतो ती) सहसा एका कंपायलरची दुसऱ्याला वाचता येत नाही, म्हणून नेटसीडीएफचा (डेटा फाईल वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) फोरट्रान भाग आणि एमपीआय (अनेक प्रोसेसरवर काम वाटणारी लायब्ररी) नवीन कंपायलरनेच बनवायचे. लायब्ररी बिल्ड करून देणारं स्पॅक हे टूल वापरा, दोन दिवस वाचतील.

आता कंपाइल करा, एररचा पाऊस पडेल. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून जीफोरट्रान एकाच सबरूटीनला एकदा इंटिजर आणि एकदा रिअल पाठवलेलं खपवून घेत नाही. 'अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच' दिलं की नुसत्या वॉर्निंग येतात, पहिल्या दिवशी गाडी पुढे ढकलायला ठीक आहे, पण त्यातल्या प्रत्येक वॉर्निंगची यादी करा आणि एकेक सोडवा.

आमच्याकडे सगळं कंपाइल झालं, चहा सांगितला, रन सुरू केला आणि पहिलंच राइट मेलं. डायरेक्ट ॲक्सेसची (ठरावीक लांबीच्या रेकॉर्डची) बायनरी फाईल, ३६० बाय १८० चा ग्रिड, म्हणजे ६४,८०० आकडे, प्रत्येक ४ बाइटचा. कोडमध्ये रेकॉर्डची लांबी ६४,८०० लिहिलेली. इंटेल ही लांबी मुळात ४ बाइटच्या शब्दांत मोजतो, जीफोरट्रान सरळ बाइटमध्ये, त्यामुळे २,५९,२०० बाइटचा माल चौथाई डब्यात भरायला निघालो होतो. मी घाईने तिथे चारने गुणलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रकल्पावरची मुलगी आली, "सर, आता इंटेलवर फाईल चौपट मोठी येतेय." बरोबरच होतं तिचं. खरा उपाय फोरट्रानमध्येच आहे, इन्क्वायर या स्टेटमेंटला आयओलेंथ लावून लांबी कंपायलरलाच विचारायची आणि जे उत्तर येईल ते ओपनला द्यायचं. सगळीकडे चालतं. कंपायलर बदलला म्हणून बिघडलं असं वाटतं खरं, पण चूक कोडमध्ये पहिल्यापासून होती, नुसती झाकलेली होती.

अशा झाकलेल्या चुका शोधायला एक डीबग बिल्ड कराच. जीफोरट्रानमध्ये 'चेक ऑल' लावा, रिअल व्हेरिएबल सुरुवातीला सिग्नलिंग नॅनने ('आकडा नाही' अशी खास किंमत, साधा नॅन नको) भरायला सांगा आणि इनव्हॅलिडवर ट्रॅप लावा, म्हणजे अशी गणितं झाली की रन तिथेच थांबतो. किंमत न देता वापरलेलं व्हेरिएबल आजवर योगायोगाने शून्य मिळत असेल तर बरेचदा लगेच पकडलं जातं.

शेवटी आकडे. इंटेल मुळात फ्लोटिंग पॉइंटच्या बाबतीत सैल असतो, म्हणून तुलना करताना त्याला 'एफपी-मॉडेल प्रिसाइज' द्या. गुणाकार-बेरीज एका सूचनेत उरकायची का नाही हेही प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे शेवटचे अंक हलणारच. हवामानासारख्या कोडमध्ये पहिल्या टाइमस्टेपची तुलना कडक करा, कारण तिथे दिसलेला मोठा फरक म्हणजे बगच, पण दहा दिवसांच्या रनमध्ये तेवढाच बारीक फरक फुगत जातो, तिथे सरासरी, एकूण वस्तुमान, एकूण ऊर्जा असलं काहीतरी ताडून बघा.

जुळलं की त्याच दिवशी ऑटोमॅटिक टेस्टमध्ये दोन्ही कंपायलर टाका, प्रत्येक कमिटला (कोडमधला नोंदवलेला बदल) दोन्हीवर बिल्ड आणि ती छोटी केस. जीफोरट्रान आणि आयएफएक्स दोन्ही फुकट मिळतात, त्यामुळे बजेट मागायला जावं लागत नाही. आणि रीडमीमध्ये ज्या व्हर्जनवर खरंच चालवून बघितलंय तेवढीच लिहा.