ऋण दहाच्या पायावर पूर्णांक कसा लिहावा

दशमान पद्धतीत प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या दहापट असते. पाया ऋण दहा घेतला की ती उणे दहापट होते. त्यामुळे स्थानांच्या किमती उजवीकडून अनुक्रमे १, −१०, १००, −१०००, १०००० अशा चिन्ह बदलत वाढत जातात, अंक मात्र ० ते ९ हेच राहतात. ऋण पायांची ही कल्पना इटालियन गणिती व्हित्तोरिओ ग्रुनवाल्ड यांनी १८८५ मध्ये मांडली.

उदाहरणादाखल इंदूरच्या होळकर महाविद्यालयाचे स्थापनावर्ष, म्हणजे १८९१, ही संख्या घेऊ. तिला −१० ने भागत जावे आणि बाकी दर वेळी ० ते ९ मध्येच ठेवावी. पहिल्या भागाकारात बाकी १ येते आणि भागाकार −१८९. पुढची पायरी जपून करावी लागते, कारण −१८९ ला भागताना −९ बाकी घेण्याचा मोह होतो आणि ती चालत नाही. बाकी १ घेतली की −१९० उरतात व भागाकार १९ येतो. मग १९ ची बाकी ९ व भागाकार −१, −१ ची बाकी ९ व भागाकार १, आणि अखेर १ ची बाकी १ व भागाकार शून्य. बाक्या शेवटापासून वाचल्या की १९९११ मिळतात. पडताळा सोपा आहे: १०००० − ९००० + ९०० − १० + १ = १८९१.

हीच रीत −१८९१ ला लावल्यास २१०९ येतात. उत्तरापुढे उणे चिन्ह नाही आणि त्याची गरजही नाही, कारण अंकांची संख्या विषम असेल तर संख्या धन आणि सम असेल तर ऋण, हे ठरलेलेच असते. चार अंकी संख्येत हजाराच्या स्थानामुळे किमान −१००० येतात, तर उरलेली तीन स्थाने मिळून जास्तीत जास्त ९०९ भरतात. म्हणून बेरीज ऋणच राहते. हाच युक्तिवाद कितीही अंकांना लागू पडतो. गमतीने पाहायचे तर सहा अंकांचा प्रत्येक पिनकोड या पायावर ऋण ठरतो. इंदूरचा ४५२००१ म्हणजे −३५१९९९.

बेरजेत हातचा उलटा चालतो. एखाद्या स्थानी बेरीज दहा किंवा अधिक झाली तर दहा वजा करून उरलेला अंक लिहावा आणि डावीकडच्या स्थानातून १ कमी करावा. तेथे −१ झाल्यास ९ लिहून त्याच्या डावीकडे १ मिळवावा. म्हणून ७ + ५ चे उत्तर १९२ असे लिहिले जाते, ज्याची किंमत १०० − ९० + २, म्हणजे १२ आहे. मात्र दोन संख्यांतील लहान-मोठी नुसते अंक पाहून ठरवू नये: येथे १९० ची किंमत १० आहे आणि १०० ची १००.

मला सर्वांत आवडणारा गुणधर्म विभाज्यतेचा आहे. २, ५ आणि १० यांच्या कसोट्या पूर्वीप्रमाणे एककाच्या अंकावरूनच लागतात, परंतु ९ आणि ११ यांच्या कसोट्यांची अदलाबदल होते. −१० मध्ये ११ मिळवले की १ उरतो, म्हणून ११ ची बाकी काढण्यास अंकांची साधी बेरीज पुरते; −१० मध्ये ९ मिळवले की −१ उरतो, म्हणून ९ साठी अंक उजवीकडून आळीपाळीने मिळवावे व वजा करावे. १९९११ मधील अंकांची बेरीज २१, तिला ११ ने भागल्यास बाकी १०. आळीपाळीची बेरीज १ − १ + ९ − ९ + १, म्हणजे १. नेहमीच्या १८९१ ला ११ ने आणि ९ ने भागून पाहिले तरी बाक्या अनुक्रमे १० आणि १ च येतात.