लाकडी रोलर कोस्टरच्या मेंटेनन्समध्ये यायचंय? मग हे वाचा

रोलर कोस्टरवर काम करायचंय म्हणणारी बहुतेक पोरं डिझाइन, जी-फोर्स, सिम्युलेशन असलं सगळं डोक्यात घेऊन येतात. लाकडी कोस्टरला आलात तर सुरुवातीला हातात पाना नि हातोडी मिळणार, आणि माझ्या मते तेच बरं.

पार्क उघडायच्या आधी ट्रॅक वॉक असतो, म्हणजे कडेच्या फळीवरून अख्खा ट्रॅक पायी फिरायचा, लिफ्ट हिलसकट (गाडीला चेनने वर ओढतात ती चढण), नि सैल बोल्ट, वर आलेला खिळा, चिरलेलं लाकूड शोधायचं. ट्रॅक म्हणजे फळ्यांचे सातआठ थर एकावर एक ठोकलेले आणि वर पोलादी पट्टी, चाक त्या पट्टीवरून पळतं. खालचं लाकूड दबलं की गाडी तिथे आदळते आणि ते डोळ्यांआधी कानाला नि बुडाला कळतं, त्यामुळे रिकाम्या फेऱ्या झाल्यावर स्टाफला बसवतात तेव्हा चाकावरची सीट पकडा. स्ट्रक्चर डोलताना बघून घाबरू नका, थोडं डोलणं हिशोबात धरलेलंच असतं, रोजच्यापेक्षा वेगळं डोललं तर मात्र लगेच सांगायचं.

चाकं तीन प्रकारची, वरची, बाजूची आणि ट्रॅकखालची अपस्टॉप, म्हणजे गाडीला ट्रॅकवरून वर उचलू न देणारी. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलरचं, १९१९ चं. अमेरिकेतला १९०२ चा लीप-द-डिप्स कोस्टर बघा, त्याला ही चाकं नाहीत म्हणून उतार अगदीच सौम्य, आणि १९२७ च्या कोनी आयलंड सायक्लोनला चक्क ८५ फुटांचा ड्रॉप! लिफ्टवरची टकटक लोकांना चेनची वाटते, खरं तर गाडी मागे घसरू नये म्हणून जो खटका असतो त्याचा तो आवाज. तो बदलला की कान टवकारायचे.

गाडी दुपारी सकाळपेक्षा जोरात पळते, उन्हाने ग्रीस पातळ होतं ना, म्हणून फेरीची वेळ दोन्ही वेळेला लिहून ठेवा.

लॉकआउटबद्दल मी जरा कडक आहे. पॉवर बंद करून स्वतःचं कुलूप स्वतः लावल्याशिवाय ट्रॅकवर पाय ठेवायचा नाही, आणि किल्ली खिशातच, सुपरवायझरने मागितली तरी नाही.

शिक्षण म्हणाल तर मेकॅनिकल डिप्लोमा किंवा फिटर, इलेक्ट्रिशियन चालतं, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोल कॉम्प्युटर) येत असेल तर ब्लॉक सिस्टिम पटकन समजते (ब्लॉक म्हणजे ट्रॅकचा एक तुकडा, एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, बस). पण सुतारकाम येणारा माणूस इथे सोन्यासारखा. अर्ज सीझन संपायच्या आधी टाका, पार्क बंद असताना जुना ट्रॅक उखडून नवीन बसवतात, तेव्हाच जास्त माणसं लागतात आणि शिकायलाही तेव्हाच मिळतं. बूट चांगल्या ग्रिपचे घ्या, सकाळी दवाने फळ्या निसरड्या असतात.