घरच्या घरी कॅरमलवाले कुरकुरीत बदाम

२ वाट्या बदाम, १ वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ, एवढंच लागतं. कढई मात्र जाड बुडाचीच घ्या, पातळ भांड्यात साखर एका बाजूने करपते आणि मग सगळंच कडू लागतं.

सगळं एकदमच कढईत टाका, मध्यम आचेवर उकळू द्या आणि हलवत राहा, आधी बुडबुडे येतील मग पाक घट्ट होईल आणि पाणी आटलं की साखर अचानक कोरडी, पांढरी, रवाळ होऊन बदामांना चिकटते. इथेच बरेच जण बिघडलं म्हणून गॅस बंद करतात, प्लीज करू नका! आच कमी करा, हलवणं सोडू नका, तीच साखर हळूहळू परत वितळते, सोनेरी होते आणि मस्त चकाकी येते. थोडे रवाळ कण राहिले तरी चालतात, मला तर तसेच जास्त आवडतात.

दालचिनी पूड हवी तर अगदी शेवटी, आधी घातली की जळते. लगेच बटर पेपरवर ओतून दोन काट्यांनी सुटे करा, हात लावायचा नाही, वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा खूप गरम असते आणि कातडीला चिकटून बसते. पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा, नाहीतर चिकट होतात.