न्यू जर्सीतलं लॉन: बी एप्रिलमध्ये टाकू नका, आणि या चुकाही टाळा

आपल्याकडची हरळी उन्हाला भीत नाही आणि मृगाच्या सरी आल्या की फोफावते. न्यू जर्सीतल्या अंगणात मात्र टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास किंवा पेरेनियल रायग्रास असतं. ही गवतं साधारण ६० ते ७५ अंश फॅरनहाइटला जोमानं वाढतात आणि कडक उन्हाळ्यात दमतात. म्हणून त्यांच्या पेरणीचा खरा हंगाम ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा आहे.

बर्फ वितळला की दुकानात बियांच्या पिशव्या दिसू लागतात आणि लोक लगेच एप्रिलमध्ये पेरतात. रोप उगवतं, पण जुलैच्या उन्हात तग धरण्याइतकी मुळं खोल गेलेली नसतात. त्यात फोर्सिथियाचं झुडूप पिवळं फुलण्याच्या सुमारास क्रॅबग्रास हे तण रोखणारं औषध टाकलं जातं. अशी बहुतेक औषधं उगवणारं कोणतंही गवत मारतात, त्यात आपण पेरलेलंही आलं. पिशवीवरची सूचना न वाचता दोन्ही एकाच महिन्यात केलं, तर बी वाया गेलंच म्हणून समजा.

सप्टेंबरात पेरतानाही नुसतं बी भुरभुरून भागत नाही. ते मातीला टेकलं पाहिजे. आधी गवत दोन इंचांपर्यंत कापा, कोअर एरेटर (मातीचे छोटे गोळे उपसून काढणारं यंत्र) भाड्यानं आणून ओलसर जमिनीला भोकं पाडा, मग टॉल फेस्क्यूचं बी १००० चौरस फुटांना ३ ते ४ पाउंड टाका आणि दाताळ्यानं हलकेच घोळवा. बी पाव इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नका. उगवेपर्यंत दिवसातून दोनदा थोडं थोडं पाणी द्या. रायग्रास आठवड्याभरात दिसू लागतं, ब्लूग्रासला तीन-चार आठवडेही लागतात. मिश्र बी पेरलं असेल, तर रायग्रास दिसलं म्हणून पाणी थांबवू नका, ब्लूग्रास अजून मातीतच असतं.

ऑगस्टमध्ये तपकिरी चट्टे दिसले की पाण्याचा मारा सुरू होतो. आधी कारण शोधा. चट्ट्यातलं गवत मुठीत धरून ओढा. घट्ट असेल, तर ते बहुधा उन्हानं झोपी गेलंय. दोन-तीन आठवड्यांनी अर्धा इंच पाणी दिलं, तरी त्याचे कोंब जिवंत राहतात. सतरंजी गुंडाळावी तसं सहज उचललं गेलं, तर खाली हुमणी आहे. उसाच्या मुळाशी लागते त्याच कुळातली, फक्त इथे ती बहुतेकदा जपानी भुंगेऱ्याची अळी असते. अमेरिकेत हा भुंगेरा पहिल्यांदा सापडला तोही याच राज्यात, १९१६ साली रिव्हर्टनजवळ. एक चौरस फूट माती उकरून अळ्या मोजा. दहाहून जास्त असतील तरच औषधाचा विचार करा, आणि तोही अळ्या लहान असताना, ऑगस्ट-सप्टेंबरात. वसंतात त्या मोठ्या झालेल्या असतात, औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

गोलसर चट्टे असतील आणि हवा दमट असेल, तर बुरशीची शंका घ्या. संध्याकाळचं पाणी आणि उन्हाळ्यातलं नत्र खत, दोन्ही तिला पोसतात. पाणी पहाटे द्या, खत सप्टेंबरपर्यंत थांबवा.

खताचा हिशेब पिशवीवरच्या पहिल्या आकड्यावर, म्हणजे नत्राच्या टक्केवारीवर ठरतो. राज्याच्या कायद्यानुसार घरमालकाला एका वेळी १००० चौरस फुटांवर ०.९ पाउंडपेक्षा जास्त नत्र टाकता येत नाही. ३०-०-४ चं खत असेल, तर ०.९ भागिले ०.३०, म्हणजे ३ पाउंड. १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायला बंदी आहे, आणि माती तपासल्याशिवाय जुन्या हिरवळीला फॉस्फरसही टाकता येत नाही. चुन्याचंही तसंच. शेजारी टाकतो म्हणून टाकू नका, रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती पाठवा आणि सामू (pH) पाहून ठरवा.

कापताना मोवर तीन इंचांवर ठेवा, एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग छाटू नका. मोवरच्या बोथट पात्यानं गवताची टोकं फाटतात आणि पांढरट दिसतात. तो रोग नाही, पातं परजून घ्या. गळलेली पानं मोवरनं बारीक करून तिथेच सोडता येतात, पण थर जाड असेल तर उचला, नाहीतर बर्फाखाली गवत कुजतं.