फुप्फुसाच्या पेशींवर कर्करोगजनकांची चाचणी: या चुका टाळा

‘बेन्झोपायरीन टाकलं, पण पेशींना काहीच झालं नाही.’ पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की हे वाक्य कानावर येतंच. सिगारेटच्या धुरातलं हे रसायन आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या गट १ मध्ये, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत मोडतं. तेव्हा आधी शंका घ्यायची ती आपल्या मांडणीवर.

बेन्झोपायरीन जसंच्या तसं डीएनएला हात लावत नाही. पेशीतली सीवायपी१ए१, सीवायपी१बी१ ही एन्झाइम्स त्याचं रूप पालटतात, त्यातून बीपीडीई हा क्रियाशील पदार्थ तयार होतो आणि तो डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतो. तुमच्या पेशींत ही एन्झाइम्स सुस्त असतील तर निकाल निगेटिव्हच येणार. अशा वेळी रॅटच्या यकृताचा एस-९ अर्क घालतात, पण तो पेशींना सोसत नाही म्हणून तीन ते सहा तासच ठेवायचा. सोबत एनएडीपीएच, म्हणजे या एन्झाइम्सना चालवणारं सहायक रसायन, लागतं. ते न घालता एस-९ला नावं ठेवणारे दरवर्षी भेटतात. शेजारच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) तुलनेसाठी एमएमएस (मिथाइल मिथेनसल्फोनेट) ठेवा. ते एन्झाइम्सच्या मदतीशिवाय थेट डीएनएवर जातं. त्याचा परिणाम दिसला आणि बेन्झोपायरीनचा नाही, तर गडबड बहुधा एन्झाइम्सचीच.

ए५४९ पेशी स्वस्त आणि चिवट, म्हणून सगळे त्याच घेतात. पण त्या १९७२ मध्ये एका रुग्णाच्या फुप्फुसातल्या गाठीतून काढलेल्या आहेत. निरोगी पेशी कर्करोगी होते का, हे त्यांना काय विचारणार? बीज-२बी (BEAS-2B) ही निरोगी श्वासनलिकेतून काढलेली पेशी-ओळ त्यापेक्षा बरी, फक्त तिला सवयीने सीरम (रक्तद्रव) घालू नका; पेशी चपट्या होऊन भलत्याच वळणाला लागतात.

खऱ्या श्वासनलिकेसारखी ऊती हवी असेल तर पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवतात, वर हवा, खाली मीडिया (पोषक द्रव). इथे घाई नडते. आठवड्याभरात थर भरलेला दिसतो, पण केसल (पेशींवरचे हलणारे सूक्ष्म केस, सिलिया) तयार व्हायला तीन-चार आठवडे जातात. मायक्रोस्कोपखाली ते लवलवताना दिसले की मगच डोस द्या. आणि वरून द्रावण ओतून ठेवू नका, हवेच्या बाजूचा अर्थच जातो.

रसायन विरघळवायला वापरलेला डीएमएसओ कंट्रोलमध्येही (रसायन न घातलेल्या पेशींतही) तेवढाच हवा, शक्यतो ०.१ टक्का. डोस दिल्यावर वेलमध्ये सुईसारखे स्फटिक दिसले तर वहीत लिहिलेला डोस पेशींपर्यंत पोहोचलेलाच नाही. उजेड लागू नये म्हणून बेन्झोपायरीनची बाटली फॉइलमध्ये गुंडाळलेली असावी. कॉमेट चाचणीत (तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा दिसतो) लांब शेपट्या पाहून हुरळू नका. मरणाऱ्या पेशींच्याही तशाच येतात, म्हणून किती पेशी जिवंत आहेत ते आधी मोजा.

राहिलं कंटॅमिनेशन. मित्राच्या फ्लास्कमधून उसन्या पेशी आणण्यापेक्षा पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशी-भांडारातून घ्या. उसन्या पेशींसोबत येणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करत नाही. पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) करूनच बघावं लागतं. पावसाळ्यात पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूमच्या बाहेरच ठेवा, आणि इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला.