कोलंबस, इंडियाना : हे छोटं शहर पाहायचं कसं, समजून घ्यायचं कसं

तिकीट काढताना आधी राज्याचं नाव बघा. नुसतं ‘कोलंबस’ टाकलं की ओहायोतलं कोलंबस पुढे येतं, विमानतळाचा कोड सीएमएच. ते इंडियानातल्या कोलंबसपासून गाडीने तीन तासांहून लांब आहे. उतरायचं इंडियानापोलिसला, म्हणजे आयएनडीला. तिथून गाडी भाड्याने घ्यायची आणि आंतरराज्य महामार्ग ६५ ने दक्षिणेकडे निघायचं. साधारण तासाभरात एक्झिट ६८ येते. घड्याळ ईस्टर्न टाइमवर ठेवा. शिकागोहून येत असाल तर एक तास पुढे करावं लागतं, आणि आरक्षित टूर चुकण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

गावाची वस्ती २०२० च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या थोडी वर होती. एवढ्याशा गावात सारिनेन बापलेक (एलिएल आणि ईरो), आय. एम. पेई, रॉबर्ट व्हेंचुरी अशा नामांकित वास्तुरचनाकारांच्या इमारती कशा आल्या, हे आधी कळलं तरच पुढचं फिरणं कामाचं. १९१९ मध्ये इथे कमिन्स इंजिन कंपनी सुरू झाली (पुण्यातली किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची, त्या धाग्याने इथे आलेली मराठी घरं भेटतात). दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांमध्ये मुलं मावेनात आणि घाईत बांधलेल्या वर्गखोल्या सुमार निघाल्या. कंपनीचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी तेव्हा एक तोडगा काढला. कमिन्स फाउंडेशनने दिलेल्या यादीतून वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी फाउंडेशन भरेल. बांधकामाचा खर्च मात्र करदात्यांचाच. या योजनेतली पहिली शाळा, हॅरी वीस यांची लिलियन श्मिट, १९५७ ची. म्हणजे इथल्या बऱ्याच नामवंत इमारती या रोजच्या वापरातल्या शाळा आणि अग्निशमन केंद्रं आहेत. संग्रहालयाच्या अपेक्षेने आलेला माणूस इथे हमखास हिरमुसतो.

सुरुवात फिफ्थ स्ट्रीटवरच्या व्हिजिटर्स सेंटरपासून करा आणि नकाशा घ्या. नंबरांचे रस्ते पूर्व-पश्चिम जातात, वॉशिंग्टन स्ट्रीट उत्तर-दक्षिण. एवढं ध्यानात ठेवलं की चुकायला होत नाही. पलीकडेच पेईंचं क्लिओ रॉजर्स ग्रंथालय (१९६९) आहे, त्याच्या अंगणात हेन्री मूर यांची ‘लार्ज आर्च’ ही शिल्पकमान (१९७१) आणि रस्त्यासमोर एलिएल सारिनेन यांचं फर्स्ट ख्रिश्चन चर्च (१९४२). इथे घाई करू नका. कमानीच्या आत उभं राहून चर्चचा १६६ फुटी मनोरा बघा. तो मधोमध नाही, बाजूला सरकवलेला आहे, आणि अंगण, कमान, मनोरा ही तिन्ही एकमेकांना कशी तोलतात ते त्या जागेवरूनच उमगतं. ग्रंथालयात मोकळेपणाने शिरा. चर्चमध्ये रविवारी प्रार्थना असते, तेव्हा आत फोटो काढत फिरणं बरं दिसत नाही. इतर दिवशी आधी कार्यालयात विचारा.

पश्चिमेकडे वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर धाकट्या सारिनेनची, म्हणजे ईरोची, १९५४ ची बँक लागते. काचेची, बसकी, वर नऊ घुमट. बँका तोवर दगडी खांबांच्या, दरारा वाटावा अशा बांधत. इथे आतला कारकून रस्त्यावरून दिसायचा. बँक २००९ मध्ये बुडाली, नंतर तिथे कमिन्सचं परिषद केंद्र झालं. दक्षिणेकडे वळलात की १९०० पासूनचं झहाराकोस आइस्क्रीम पार्लर, मग १८७४ चं कोर्टहाउस, आणि सेकंड स्ट्रीटवर ‘द रिपब्लिक’ या दैनिकाची काचेची इमारत (१९७१). तिथे छपाईचं यंत्र मुद्दाम रस्त्यावरून दिसेल असं ठेवलं होतं. दैनिक तिथून हललं. आता इंडियाना विद्यापीठाचा वास्तुकला अभ्यासक्रम तिथे चालतो.

पुढचं गाडीनेच. ईरो सारिनेन यांचं नॉर्थ ख्रिश्चन चर्च (१९६४) षटकोनी आहे आणि त्याचा सुळका १९२ फुटांचा. ते पूर्ण व्हायच्या आधीच, १९६१ मध्ये, ईरो गेले. त्या चर्चची सभासद-मंडळी २०२२ मध्ये विसर्जित झाली, त्यामुळे आत जाता येईल का ते व्हिजिटर्स सेंटरला विचारूनच निघा. व्हेंचुरींचं फायर स्टेशन क्रमांक ४ (१९६८) बऱ्याच जणांना ‘यात काय बघायचं?’ असं वाटतं. भला मोठा ‘४’ आकडा आणि साधी पांढरी वीट, हाच त्यातला विनोद. तिथे दारासमोर गाडी लावू नका, बंब कधीही निघतो. शाळा बाहेरूनच पाहायच्या, आणि शनिवार-रविवारी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत. मुलं आत असताना अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन घुटमळला तर पोलिसांना फोन जाणारच.

मिलर हाउस (१९५७), म्हणजे जे. अर्विन मिलर यांचं घर, रस्त्यावरून दिसत नाही, उंच कुंपणझाडांआड आहे. टूर व्हिजिटर्स सेंटरमधून बसनेच निघते. जागा मोजक्या असतात, म्हणून मिलर हाउसचं तिकीट आधी, विमानाचं नंतर. घरात फोटो काढू देत नाहीत. खाली उतरून बसायचा चौकोनी खड्डा आणि बागरचनाकार डॅन कायली यांनी आखलेली झाडांची रांग, या दोन गोष्टी डोळ्यांत साठवून आणा.

माणसं भेटायला हवी असतील तर उन्हाळ्यात शनिवारचा शेतकरी बाजार, नाहीतर ऑक्टोबरातला एथनिक एक्स्पो हा उत्सव. ‘एक्झिबिट कोलंबस’ हे वास्तुकलेचं प्रदर्शन विषम वर्षांत, उन्हाळ्याच्या अखेरीपासून भरतं. गावाचे वाद ऐकायचे तर नगर परिषदेच्या बैठकीला जाऊन मागे बसा. इंडियानाच्या ओपन डोअर कायद्यानुसार बैठकीची सूचना सुट्ट्या वगळून किमान ४८ तास आधी लावावी लागते, आणि कुणालाही बसता येतं.

राहायलाच येत असाल तर घर पाहण्याआधी फेमाचा (अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा) पूरनकाशा उघडा. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवूड या नद्या इथेच मिळतात, पण ७ जून २००८ च्या पुरात मोठा तडाखा दिला तो हॉ क्रीक या ओढ्याने; जिल्हा रुग्णालय रिकामं करावं लागलं. घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे आभाळ भरून आल्यावर अर्ज करून उपयोग नाही. शहर बस आहे, पण तिच्या भरवशावर नोकरी करणं कठीण. इंडियानाचे रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांत तिथला वाहन चालवण्याचा परवाना काढायचा असतो. पत्त्याचे दोन पुरावे लागतात, म्हणून वीजबिल आणि बँकेचं पत्र पहिल्या महिन्यापासूनच जपून ठेवा.